कच्च्या घरातील जून लाकूड : एका परिभाषेचे परीक्षण

(१)

जुने घर उतरवून नवे उभारताना जुन्या घराचे लाकूड नव्यात घालणे, ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्या-नाशिकच्या वाड्यांच्या तुळया, कोकणातील घरांचे वासे आणि विदर्भातील मालगुजारी घरांच्या मयाली एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेल्याची उदाहरणे कोणत्याही गावी आढळतील. नवीन आहे ती या व्यवहाराविषयी बोलण्याची भाषा. गेल्या काही दशकांत तिचे तीन प्रकार रूढ झाले आहेत. पहिला वनकायद्याचा, दुसरा घरकुलयोजनेचा आणि तिसरा गृहसजावटीच्या बाजारपेठेचा. पाश्चात्त्य देशांत मोडलेल्या कोठारांच्या फळ्या नव्या घरांच्या भिंतींना लावण्याची जी आवड निर्माण झाली, तिच्या वर्णनासाठी बनलेले शब्द आता आपल्याकडेही वापरले जातात आणि त्यांचीच भाषांतरे मराठीत फिरू लागली आहेत.

प्रस्तुत लेखात या तिन्ही परिभाषांचे परीक्षण करावयाचे आहे. त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. हा परिसर निवडण्याचे कारण उघड आहे. ज्या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे, तेथे लाकडाला कोणते नाव द्यावयाचे हा प्रश्न केवळ कोशकाराचा राहत नाही. त्या नावावर घरमालकाचा हक्क, त्याच्या लाकडाची किंमत आणि प्रसंगी त्याची अब्रूही अवलंबून असते. लेखाचा निष्कर्ष आरंभीच सांगावयाचा तर तो असा : या तिन्ही परिभाषा लाकडाच्या गुणाविषयी बोलतात असा भास होतो, वस्तुतः त्या लाकडाशी कोणी काय केले अथवा करावे, याविषयीचे निर्णय गुणवाचक शब्दांत दडवून ठेवतात. बोलीतील जुनी शब्दयोजना मात्र हा घोटाळा करीत नाही.

(२)

कुरखेडा हे सती नदीकाठचे तालुक्याचे गाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, त्यापूर्वी हा प्रदेश चंद्रपूर, म्हणजे जुन्या कागदपत्रांतील 'चांदा', जिल्ह्यात मोडत होता. गेवर्धा, सोनसरी, कोरची इत्यादी जमीनदाऱ्या याच भागातील. मध्यप्रदेशातील १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी हक्क नष्ट झाले आणि त्यांच्या ताब्यातील वने शासनाकडे गेली. भाषेच्या दृष्टीने हा संगमाचा प्रदेश आहे. मराठीची झाडीबोली, गोंडी, हलबी आणि पूर्वेकडून येणारी छत्तीसगढी यांचा येथे नित्य संपर्क असतो. त्यामुळे घराच्या व लाकडाच्या शब्दांतही अनेक थर दिसतात.

प्रथम 'कोठा' हा शब्द घेऊ. प्रमाण मराठीत जनावरे 'गोठ्या'त बांधतात आणि धान्य 'कोठारा'त साठवतात. 'गोठा' हा संस्कृत 'गोष्ठ' शब्दापासून आणि 'कोठा' हा 'कोष्ठ' शब्दापासून आला आहे. विदर्भात मात्र गुरांच्या निवाऱ्यालाच 'कोठा' म्हणतात. साठवणीचे नाव जनावरांच्या जागेला लागले, कारण चारा, अवजारे, बंडीचे सामान आणि बैल ही सारी एकाच छपराखाली असत. इंग्रजीतील 'बार्न' या शब्दाचा इतिहास याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत तो 'जवाचे घर' अशा अर्थाचा समास होता. पुढे अर्थविस्ताराने त्यात जनावरेही आली. दोन परस्पर असंबद्ध भाषिक प्रदेशांत एकाच प्रकारच्या कृषिजीवनातून एकच अर्थपरिवर्तन झाले. यास्तव 'बार्नचे लाकूड' असा विषय निघाला असता त्याचे नजीकचे मराठी रूप 'कोठ्याचे लाकूड' हेच ठरते. त्यासाठी परका शब्द आणावा लागत नाही.

घराच्या सांगाड्याचे शब्दही असेच पाहता येतील. खांब, आडे आणि चौकट हे सर्वत्र परिचित आहेत. देशावर जिला तुळई म्हणतात तिला विदर्भात 'मयाल' म्हणतात, छपराच्या उतरत्या लाकडांना 'फाटे' आणि कौलांना 'कवेलू'. हे काम करणारा 'सुतार' हा 'सूत्रधार' शब्दापासून आलेला, म्हणजे सूत धरून मापणारा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे याच कारागिराला 'वाढई' म्हणतात आणि ते आडनावही आहे. हा संस्कृत 'वर्धकि' शब्दाचा वंशज असून हिंदीतील 'बढई' त्याचा सख्खा भाऊ आहे. एका नावात माप मुख्य, तर दुसऱ्याच्या मुळाशी कापण्याची व घडविण्याची क्रिया आहे.

खुद्द सागाचे नाव दोन कुळांतून आले आहे. मराठी 'साग' हा संस्कृत 'शाक' या वृक्षनामापासून निघाला. गोंडीत 'टेका' असे जे रूप नोंदलेले आहे, ते मलयाळम्-तमिळ 'तेक्कु' व तेलुगू 'टेकु' यांच्या द्रविड कुळातील आहे. तेच नाव पोर्तुगीजांमार्फत युरोपात जाऊन इंग्रजी 'टीक' झाले. म्हणजे आज शहरी दुकानात ज्या लाकडाला प्रतिष्ठेसाठी 'टीक' म्हणतात, त्याचे जवळचे नातेवाईक नाव कुरखेड्याच्या गोंडी घरांत कोणत्याही प्रतिष्ठेवाचून नांदत आले आहे.

(३)

आता मुख्य शब्दाकडे वळू. मराठीत 'जुना' आणि 'जून' असे दोन शब्द आहेत. दोहोंचे मूळ एकच : संस्कृत 'जूर्ण', म्हणजे 'जीर्ण' या शब्दाचेच दुसरे रूप, त्याचे प्राकृतात 'जुण्ण' झाले. 'जीर्ण' हा तत्सम शब्दही मराठीत स्वतंत्रपणे नांदतो. एका धातूचे तीन वारस एकाच भाषेत राहिले आणि त्यांनी अर्थाची वाटणी करून घेतली. 'जीर्ण' म्हणजे काळाने झिजलेले, 'जुना' म्हणजे काळाने मागे टाकलेले अथवा केवळ पूर्वीचे, आणि 'जून' म्हणजे काळाने कठीण व परिपक्व केलेले. भेंडी जून होते तेव्हा ती टाकून देतात. बांबू जून होतो तेव्हाच तो तोडतात. संस्कृत 'जरठ' या त्याच धातूच्या शब्दातही 'म्हातारा' आणि 'कठीण' असे दोन्ही अर्थ एकत्र आढळतात. वय वाढणे म्हणजे केवळ क्षय नव्हे, हे निरीक्षण भाषेने फार पूर्वी करून ठेवले आहे.

लाकडाच्या बाबतीत हे निरीक्षण भौतिक दृष्ट्याही खरे ठरते. सागाच्या खोडात गाभ्याचे गडद लाकूड आणि बाहेरचे फिकट लाकूड असे दोन भाग असतात. वाळवी व बुरशी यांना तोंड देण्याची शक्ती गाभ्याच्या लाकडात असते, कारण झाड वाढताना त्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये साठतात. बाहेरच्या लाकडात ती नसतात. नैसर्गिक वनातील मोठ्या वयाच्या झाडात गाभ्याचे प्रमाण अधिक असते, तर थोड्या वर्षांत तोडलेल्या लागवडीच्या झाडात ते कमी असते. शिवाय छपराखाली अनेक वर्षे राहिलेल्या लाकडातील ओलावा सभोवतीच्या हवेशी समतोल झालेला असतो. ताज्या लाकडाप्रमाणे ते आकसत वा पिळवटत नाही. म्हणजे झाड जून झाल्याने आलेला गुण आणि घरात राहून आलेला गुण असे दोन्ही गुण जुन्या मयालीत एकत्र येतात. ती 'जुनी' असते आणि 'जून'ही असते; 'जीर्ण' असेलच असे मात्र नाही.

अर्थात सर्वच घरे सागाची होती असा समज करून घेऊ नये. मालगुजारी व जमीनदारी काळात निस्तार म्हणून गावकऱ्यांना घरासाठी, अवजारांसाठी व जळणासाठी लाकूड मिळे, पण सागासारखी मोलाची झाडे सामान्यतः मालकाकडे वा शासनाकडे राखीव असत. सागाच्या मयाली बहुधा पाटील-मालगुजारांच्या घरी. इतरांच्या घरी ऐन, धावडा, बिजा आणि बांबू. लाकडाचा इतिहास हा गावाच्या उतरंडीचाही इतिहास असतो, आणि जुन्या लाकडाविषयी लिहिताना ही उतरंड विसरणे म्हणजे इतिहासाचे गोडवे गाणे होय.

(४)

पहिली परिभाषा कायद्याची. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या दुसऱ्या कलमात इमारती लाकडाची जी व्याख्या आहे, तिच्यात पडलेली वा पाडलेली झाडे येतात, तसेच कापलेले, घडविलेले वा पोखरलेले असो अथवा नसो, सर्व लाकूड येते. त्याच कलमात 'वनोपज' या संज्ञेखाली इमारती लाकूड हे वनात सापडलेले असो, वनातून आणलेले असो वा नसो, समाविष्ट केले आहे. या दोन व्याख्या एकत्र वाचल्या म्हणजे परिणाम स्पष्ट होतो : तीन पिढ्या छपराखाली असलेली मयाल ही कायद्याच्या भाषेत आजही 'वनोपज' आहे. ४१ व्या कलमाखालील नियमांनुसार तिच्या वाहतुकीचे नियमन होऊ शकते. आणि ६९ व्या कलमाप्रमाणे वनोपजाच्या मालकीचा वाद निघाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते शासनाचे आहे असे गृहीत धरावयाचे असते.

या व्याख्येचे प्रयोजन अर्थातच समजण्यासारखे आहे. चोरून तोडलेले लाकूड घाईने तासून 'हे तर घरचे जुने लाकूड' असे सांगणे सोपे आहे. म्हणून विधिकर्त्याने 'घडविलेले असो वा नसो' असे शब्द घातले. तथापि शब्दार्थशास्त्राच्या दृष्टीने त्याचा परिणाम असा झाला की, या संज्ञेतून काळ हा घटक पूर्णपणे गेला. काल पाडलेले झाड आणि आजोबांनी बसविलेला खांब यांना एकच नाव लाभले. लोकभाषेत त्यांच्यात जेवढे अंतर आहे, तेवढे कायद्याच्या भाषेत मुळीच नाही. परिणामी ज्याच्याजवळ जुने लाकूड आहे त्याला ते आपलेच आहे हे सिद्ध करावे लागते. आणि ज्या काळात ते घरात आले त्या काळातील निस्ताराचा कागद बहुतेक घरी नसतोच. असे लाकूड गावातल्या गावात हलविणे सोपे, शेजारच्या तालुक्यात नेणे अवघड, म्हणून ते पडून राहते वा चुलीत जाते.

कायद्याची व्याख्या अढळ असते असेही नाही. याच अधिनियमात 'झाड' या शब्दात पूर्वी बांबूचा समावेश होता. वनहक्क अधिनियम, २००६ ने बांबूला गौण वनोपजात घातले. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने 'झाड' या व्याख्येतून बांबू हा शब्द गाळला गेला. शेजारच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावच्या ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले. त्या घटनेमागे मोठी चळवळ होती हे खरे. परंतु त्या चळवळीचा एक महत्त्वाचा मुद्दा 'बांबू म्हणजे काय' हा व्याख्येचाच होता. एका वनस्पतीचे वर्ग बदलताच एका गावाचे अर्थकारण बदलले. जुन्या लाकडाला मात्र असा स्वतंत्र वर्ग मिळालेला नाही.

(५)

दुसरी परिभाषा 'कच्चे' आणि 'पक्के' यांची. 'पक्का' हा शब्द 'पक्व' पासून आलेला. म्हणजे 'जून' या शब्दाप्रमाणे हीही मुळात पिकण्याची कल्पना. पण घराच्या संदर्भात तिचा अर्थ सिमेंट, विटा आणि स्लॅब असा ठरून गेला आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजना २०१६ पासून सुरू आहे. तीत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठेवले असून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम व विशेष कृती आराखड्यातील जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये साहाय्य दिले जाते. गडचिरोली हा यांपैकी दुसऱ्या वर्गातील जिल्हा होय. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक साहित्याला व स्थानिक रचनाप्रकारांना वाव दिलेला आहे, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे. अडचण आहे ती मोजणीच्या भाषेत.

जनगणनेची २०११ ची अनुसूची पाहावी. छपराच्या द्रव्यांच्या यादीत गवत, पाचट, बांबू, लाकूड आणि माती एकाच रकान्यात घातली आहेत. सागाची फळी आणि गवताची पेंढी यांना एकच संकेतांक! ज्या घरावर कवेलू आहेत त्याची नोंद 'हाताने बनविलेली कौले' अशी होते, आणि त्या कौलांचा भार पेलणाऱ्या मयाली-फाट्यांची नोंद कोठेच होत नाही. नोंदणी दिसणाऱ्या आवरणाची होते, सांगाड्याची होत नाही. गणनेच्या सोयीसाठी असे करणे अपरिहार्य असेल; पण अशा नोंदीवरून जेव्हा 'हे घर कच्चे' असा निर्णय होतो, तेव्हा त्या घरातील सर्वांत टिकाऊ वस्तू प्रथम अदृश्य होते आणि मग निरुपयोगी ठरते. ज्या लाकडाला बोली 'जून' म्हणते, ते ज्या घरात आहे त्याला कागद 'कच्चे' म्हणतो. एकाच वस्तूविषयी एकाच भाषेत परिपक्वतेचे दोन निर्णय परस्परविरुद्ध निघावेत, हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. त्यावरूनच ठरते की घरमालक ते लाकूड नव्या घराच्या दारा-खिडक्यांत घालील, सांदवाडीत पावसात टाकील, की दारी आलेल्या व्यापाऱ्याला सांगेल त्या किमतीला देईल.

(६)

तिसरी परिभाषा बाजाराची. तिचे मराठी घोषवाक्य 'टाकाऊपासून टिकाऊ' असे आहे. शालेय हस्तव्यवसायापासून गृहसजावटीपर्यंत ते सर्वत्र चालते. त्याचा यमक आकर्षक आहे खरा, परंतु व्याकरणदृष्ट्या त्यात एक गफलत दडलेली आहे. 'आऊ' हा प्रत्यय मराठीत दोन प्रकारच्या धातूंना लागतो. 'टिकणे', 'जळणे' या अकर्मक धातूंपासून 'टिकाऊ', 'जळाऊ' होतात. ते वस्तूचा स्वतःचा धर्म सांगतात. 'टाकणे', 'विकणे' या सकर्मक धातूंपासून 'टाकाऊ', 'विकाऊ' होतात; तेथे कोणीतरी टाकणारा वा विकणारा अध्याहृत असतो. टिकणे ही लाकडाची क्रिया आहे, टाकणे ही माणसाची. असे असता 'टाकाऊ' हा जणू लाकडाचाच गुण आहे असे घोषवाक्य सूचित करते, आणि त्याचे 'टिकाऊ' करण्याचे श्रेय नव्या कारागिराला वा दुकानदाराला देते. प्रत्यक्षात लाकूड आधीपासूनच टिकाऊ होते. ते टाकाऊ कोणी ठरविले, हा प्रश्न यमकाखाली झाकला जातो.

पाश्चात्त्य देशांतील व्यवहाराकडे पाहिले तर बाजाराची ही भाषा कोठून आली ते ध्यानात येते. अमेरिकेत जुन्या कोठारांच्या फळ्यांना जी किंमत आली तिचे एक ठोस कारण होते. तेथील चेस्टनट वृक्षावर १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे एक बुरशीजन्य रोग प्रथम आढळला आणि पुढील काही दशकांत त्याने त्या वृक्षाची वने जवळजवळ संपविली. त्यानंतर मोठ्या आकाराचे चेस्टनट लाकूड मिळण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे जुन्या इमारती. तेथे 'परत मिळविलेले लाकूड' या शब्दाला अर्थ होता, कारण झाडच गेले होते. जपानमधील इसे येथील देवस्थानाची पद्धत आणखी निराळी आहे. ते दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. अलीकडील पुनर्बांधणी २०१३ मध्ये झाली. जुने लाकूड अन्य देवस्थानांना व तोरणद्वारांना दिले जाते. तेथे कोणी काही टाकत नाही आणि कोणी काही परतही मिळवीत नाही. लाकूड पुढे दिले जाते.

कुरखेडा परिसरातील जुना व्यवहार इसेच्या पद्धतीशी अधिक मिळता आहे, मात्र त्याला कोणताही विधी नाही. घराची मयाल खराब झाली की तिचा चांगला भाग कोठ्याचा खांब होतो. कोठा मोडला की त्याचा तुकडा कुंपणाला वा मांडवाला जातो. अखेरीस राहील ते जळण. हा क्रम उतरता आहे, पण त्यातील कोणत्याही पायरीवर लाकूड 'टाकाऊ' होत नाही. बाजाराचा क्रम याच्या उलट, चढता आहे : कोठ्यातील फळी शहरातील दिवाणखान्यात जाते. येथे किंमत वाढते ती लाकडाच्या गुणाने नव्हे, तर मूळ जागेपासून झालेल्या अंतराने. त्या वाढीतील वाटा बहुधा कोठ्याच्या मालकाकडे येत नाही, कारण त्याच्या हातून ते लाकूड 'टाकाऊ' या नावाने गेलेले असते. मार्च २०२३ मध्ये याच जिल्ह्याच्या आलापल्ली वनातील सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून समारंभपूर्वक रवाना झाले. या प्रदेशाच्या लाकडाची थोरवी सर्वांना मान्य आहे, यात शंका नाही. परंतु ती थोरवी बाहेर जाणाऱ्या ताज्या लाकडाला लाभते. घरात असलेल्या जुन्या लाकडाला नव्हे.

(७)

या विवेचनावर तीन आक्षेप येण्यासारखे आहेत आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा की, हे जुन्या घरांचे निष्फळ कौतुक आहे. दर उन्हाळ्यात कवेलू फेरणे, पावसात गळणे, मातीच्या भिंतींतील उंदीर आणि विंचू-साप यांना कंटाळलेल्या माणसाला स्लॅबचे घर हवे असते, आणि ते हवे असणे सर्वस्वी योग्य आहे. हे मान्य आहे. प्रस्तुत लेखाचा आग्रह घर जुने ठेवण्याविषयी नाही. नव्या घरात जुन्या लाकडाला नाव आणि मोल मिळावे, एवढ्यापुरताच तो आहे. चौकटी, दारे, खिडक्या, सपरीचे खांब, माळ्याच्या फळ्या या साऱ्या जागा पक्क्या घरातही असतातच.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. जुन्या मयालीत खाचा, वेज आणि खिळ्यांची भोके असतात. तेवढ्या जागी तिचा छेद कमी झालेला असतो. भिंतीत गाडलेले टोक ओलाव्याने कुजलेले असू शकते, आणि फिकट बाहेरचा भाग उधईने पोखरलेला असू शकतो. म्हणून पूर्वीचाच भार तिच्यावर पुन्हा टाकणे नेहमीच सुरक्षित नसते. हेही खरे आहे. पण याच कारणासाठी वाढयाच्या परीक्षेची गरज असते : ठोकून आवाज ऐकणे, टोचून पाहणे, कुजका भाग कापून आखूड लाकूड आखूड जागी घालणे. 'जुने' म्हणून सरसकट नाकारणे आणि 'जुने' म्हणून सरसकट गौरविणे, या दोहोंतही ही परीक्षा टळते.

तिसरा आक्षेप वनसंरक्षणाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. जुन्या लाकडाला मोकळीक दिली तर तिच्या आडून ताजी चोरी होईल. यावर उत्तर असे की, जुन्या लाकडाचे जुनेपण त्याच्या अंगावर बऱ्याच अंशी लिहिलेले असते. जुन्या खाचा, धुराचा थर, हाताच्या वाकसाच्या खुणा आणि सुकलेपणा यांची नक्कल करता येईलही. पण घर उतरविण्यापूर्वीच ग्रामसभेसमोर त्यातील लाकडाची मोजणी झाली, तर नकलेला वाव फारसा राहणार नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारपत्रकाची तरतूद आहेच. गावच्या हक्कांची गावातच नोंद ठेवण्याची कल्पना विदर्भाला नवखी नाही. घर उभे असताना केलेली नोंद हाच जुन्या लाकडाचा सर्वांत सोपा पुरावा होय. ती न करता घर पाडले की लाकडाचा इतिहास त्याच दिवशी पुसला जातो आणि कायद्याचे गृहीतक तेवढे उरते.

(८)

आता शेवटचा प्रश्न नावाचा. या लाकडाला काय म्हणावे? 'पुनर्वापरित', 'पुनःप्राप्त' हे शब्द भाषांतरासाठी चालतील. पण पहिला उच्चारायला अवघड आणि दुसरा 'मध्यंतरी ते हरवले होते' असे सुचविणारा आहे. 'जुने लाकूड' हा प्रयोग फार व्यापक, तर 'टाकाऊ' हा, वर दाखविल्याप्रमाणे, अन्यायकारक आहे.

मराठीत 'ईव' हा एक उपयुक्त प्रत्यय आहे : कोरीव, घडीव, आखीव, पाळीव. या शब्दांत गुण सांगितलेला असतो, पण त्याबरोबर तो कोणाच्या तरी कृतीने आला आहे हेही उघडपणे सांगितलेले असते. कोरीव खांब म्हटला की कोरणारा आलाच. लोक घराचे छप्पर 'उतरवतात', मयाल 'उतरवतात'. या क्रियापदाला तोच प्रत्यय लावून 'उतरीव लाकूड' असा पारिभाषिक शब्द योजता येईल. त्याचा अर्थ असा ठरवावा : उभ्या असलेल्या इमारतीतून उतरविलेले, पुन्हा इमारतीत घालण्याजोगे लाकूड. हा शब्द लाकडाला कमी लेखत नाही आणि त्याचे अकारण स्तोमही माजवीत नाही. शिवाय तो आपोआप एक प्रश्न विचारतो : कोठून उतरविले? वनरक्षकाला, घरकुलाच्या अभियंत्याला आणि गिऱ्हाइकाला ज्या एका प्रश्नाचे उत्तर हवे असते, तो हाच.

केवळ शब्द सुचविल्याने व्यवहार बदलत नाही, याची जाणीव भाषाभ्यासकाने ठेवली पाहिजे. बांबूच्या उदाहरणात शब्दाच्या मागे ग्रामसभा उभी होती. तरीही आपल्या विभागांकडून होण्याजोगे एक काम आहे. कुरखेडा, कोरची, धानोरा या तालुक्यांत झाडीबोली, गोंडी आणि हलबी बोलणाऱ्या वाढयांकडून घराच्या सांगाड्याचा, लाकडाच्या अवस्थांचा आणि ते उतरविण्या-बसविण्याच्या क्रियांचा शब्दसंग्रह करणे. ही घरे उतरत आहेत आणि प्रत्येक घराबरोबर त्याचे शब्दही उतरत आहेत. लाकूड निदान कोठ्याला तरी लागते. शब्द एकदा वापरातून गेला म्हणजे त्याला दुसरी जागा सहसा मिळत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी विषय शोधताना याचा विचार करावा. असा संग्रह झाला तर तो कोशाला उपयोगी पडेलच. पण एखाद्या घरमालकाला आपली मयाल 'कच्च्या घरातील टाकाऊ लाकूड' नसून 'जून, उतरीव सागवान' आहे असे कागदावर लिहून देता आले, तर त्या संग्रहाचा उपयोग कोशाबाहेरही झाला असे म्हणता येईल.